तुटणं, फुटणं, मोडणं: चिनी भाषेतले ‘भंगाचे’ शब्द मराठीच्या वाटेने कसे शिकावेत

दोरी तुटते, काच फुटते, काठी मोडते, कापड फाटतं, ओठांना भेगा पडतात, घड्याळ बिघडतं. मराठी माणूस या क्रियापदांची अदलाबदल करत नाही. ‘दोरी फुटली’ असं चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही. चिनी भाषेतही अशीच वाटणी आहे आणि ती बरीचशी मराठीसारखी आहे. तरी आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी इंग्रजी शब्दकोशातून चिनीकडे जातात. तिथे ‘ब्रेक’ या एकाच शब्दाखाली पाच-सहा चिनी अक्षरं दिसतात आणि त्यातलं कुठलंही एक उचललं जातं. म्हणून पहिली सूचना ही की या विषयापुरतं इंग्रजी बाजूला ठेवा आणि प्रत्येक चिनी शब्दासमोर मराठी क्रियापदच लिहा.

पायरी १: उच्चार देवनागरीत नीट बसवा

रोमन लिपीतलं पिनयिन मराठी कानाला फसवतं. त्यात ‘बी’ लिहिलेलं असलं तरी उच्चार ‘प’च्या जवळचा असतो, ‘पी’ म्हणजे ‘फ’, ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’, ‘जी’ म्हणजे ‘क’ आणि ‘के’ म्हणजे ‘ख’. चिनीत फरक घोष-अघोषाचा नसून अल्पप्राण-महाप्राणाचा आहे, आणि तो आपल्या तोंडात आधीपासून आहे. ‘फ’ मात्र दोन्ही ओठ मिटून, हवा जोरात सोडून म्हणायचा. दात ओठावर टेकवून येणारा वेगळा आवाज इथे ‘फ़’ असा लिहिला आहे.

मराठीची आणखी एक कमाई म्हणजे आपले दोन ‘च’. ‘चार’मधला तालव्य च पिनयिनच्या ‘जे’ला चालतो, तर ‘चाक’मधला दंत्य च पिनयिनच्या ‘झेड’ला. गोंधळ टाळण्यासाठी दंत्य च इथे ‘त्स’ आणि त्याचा महाप्राण ‘थ्स’ असा लिहिला आहे. जीभ मागे वळवून म्हणायचे आवाज ‘ट्ष’, ‘ठ्ष’ आणि ‘ष’ आहेत. ‘ऽ’ दिसला की ‘अ’ लांबवायचा. ‘स्स’ किंवा ‘ष्ष’ दिसलं की पुढे स्वर न लावता तोच आवाज धरून ठेवायचा.

शब्दामागचे अंक चिनी स्वरांचे, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचे आहेत. १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे ‘काय?’ विचारताना चढतो तसा, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे ‘बस!’ म्हणताना तुटतो तसा. अंक नसेल तर अक्षर हलकं सोडायचं.

इथे एक सोय आहे. भंगाचे पाच मुख्य शब्द, म्हणजे फो४, त्वान४, स्वेइ४, ल्ये४ आणि ह्वाइ४, हे सगळे चौथ्या स्वराचे आहेत. आवाज वरून खाली आपटायचा. स्वर चुकला तर अर्थ पार बदलतो: त्वान३ म्हणजे आखूड, फो२ म्हणजे म्हातारी बाई. ‘ह्वाइ४ ल’ म्हणजे बिघडलं (शेवटचा ‘ल’ ही गोष्ट घडून गेल्याची खूण), पण ‘ह्वाइ२ ल’ म्हणजे दिवस गेले, गरोदर राहिली.

पायरी २: सात अक्षरं, प्रत्येकाची मराठी जोडी

अक्षराचे घटक आणि रेघांची संख्या दिली आहे, म्हणजे शब्दकोशात किंवा मोबाइलवर बोटाने लिहून ते शोधता येईल.

फो४. डावीकडे ‘दगड’, उजवीकडे ‘कातडी’, एकूण १० रेघा. सलगपणा गेला, भोक पडलं, फाटलं, टवका उडाला, या सगळ्याला फो४. ‘ई१फ़ु फो४ ल’ म्हणजे कपडा फाटला. टायर पंक्चर झालं तरी फो४, गुडघा खरचटून कातडी गेली तरी फो४.

त्वान४. उजवीकडे ‘कुऱ्हाड’, ११ रेघा. १९५६च्या सुलभीकरणाआधीचं रूप १८ रेघांचं आहे आणि तैवान-हाँगकाँगमध्ये आजही तेच चालतं. त्यात डावीकडे रेशमाचे धागे दिसतात आणि शेजारी कुऱ्हाड. म्हणजे धागा तोडणं, आपलं ‘तुटणं’. लांब वस्तू दोन भागांत वेगळी झाली की त्वान४: दोरी, तार, फांदी, हाड. जे सलग वाहतं ते थांबलं तरी हाच शब्द. त्वान४त्येन४ म्हणजे वीज तोडणं किंवा खंडित होणं, त्वान४वांग३ म्हणजे इंटरनेट तुटणं, त्वान४हुओ४ म्हणजे दुकानातला माल संपून पुरवठा थांबणं. बाळाचं अंगावरचं दूध तोडणं याला चिनीत त्वान४नाइ३ म्हणतात, शब्दशः ‘दूध तोडणं’. फोनवर आवाज तुटक-तुटक येत असेल तर ‘षंग१यिन१ त्वान४त्वान४श्यु४श्यु४ त’.

याच अक्षराला ‘निकाल लावणं’ हा अर्थही आहे. फान४त्वान४ म्हणजे पारख करून ठरवणं, ट्षन३त्वान४ म्हणजे डॉक्टरचं निदान, त्वान४आन४ म्हणजे खटल्याचा निवाडा करणं. आपण ‘तंटा तोडणे’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणतो. याच्याशेजारी फो४आन४ ठेवून पाहा: गुन्ह्याचा छडा लावणं. पोलीस प्रकरण फो४ करतात, न्यायाधीश ते त्वान४ करतो. ही जोडी पाठ झाली की दोन्ही अक्षरांतला फरक पुन्हा विसरत नाही.

स्वेइ४. डावीकडे ‘दगड’, १३ रेघा. तुकडे-तुकडे होणं, चुरा होणं. कप फो४ झाला म्हणजे कड उडाली, चीर गेली, कदाचित अजून वापरता येईल. कप स्वेइ४ झाला म्हणजे केरसुणी आणा. काचसामान आयात करणाऱ्यांनी खोक्यावरचा ई४स्वेइ४फिन३ हा शब्द ओळखायलाच हवा, अर्थ ‘सहज फुटणारा माल’. माल उतरवून घेताना खराबी लिहून द्यायची तर तिथे फो४सुन३ हा शब्द वापरतात, कारण त्यात फाटणं, चेपणं, फुटणं सगळं येतं.

ल्ये४. वर ‘रांग’ या अर्थाचं अक्षर, खाली ‘कपडा’, १२ रेघा. तडा गेला, भेग पडली, पण भाग अजून एकमेकांना धरून आहेत. भिंतीची भेग ल्ये४फ़ंग४. थंडीत आपले ओठ ‘फुटतात’, चिनीत मात्र ते ल्ये४ होतात. स्वेइ४ म्हटलंत तर ओठांचे तुकडे जमिनीवर पडल्यासारखं वाटेल. वाटाघाटी फिसकटल्या की बातमीत फो४ल्ये४ येतं.

ह्वाइ४. डावीकडे ‘माती’, उजवीकडे ‘नाही’, ७ रेघा. बिघडणं, नासणं. मोबाइल पडून काच फुटली पण तो चालू आहे, तर दुरुस्तीवाल्याला सांगा ‘फिंग२मू४ स्वेइ४ ल’, पडदा फुटला. काच धड आहे पण तो सुरूच होत नाही, तर ‘षोउ३ची१ ह्वाइ४ ल’. पहिल्याऐवजी दुसरं बोललात तर तो आतलं काय बिघडलंय ते शोधत बसेल.

ट्षऽ२ किंवा षऽ२. डावीकडे ‘हात’, उजवीकडे ‘कुऱ्हाड’, ७ रेघा. एकाच अक्षराचे हे दोन उच्चार आहेत. ट्षऽ२ म्हणजे मोडणं, दुमडणं. हाड मोडणं कू३ट्षऽ२. षऽ२ म्हणजे आपोआप मोडलेलं असणं, आणि तो बोलण्यातला शब्द आहे. बाजारात भेटतं ते ‘ता३ट्षऽ२’, म्हणजे सूट देणं. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. ‘पा१ ट्षऽ२’ची पाटी म्हणजे ८० टक्के सूट नव्हे, किमतीचे ८० टक्के द्यायचे. १,००० युआनचं जाकीट ८०० ला पडतं. ‘छी१वू३ ट्षऽ२’ म्हणजे ७५ टक्के किंमत, ‘वू३ ट्षऽ२’ म्हणजे निम्मी. आकडा जितका लहान तितकी सूट मोठी.

पाइ१. दोन बाजूंना ‘हात’, मध्ये ‘वाटणे’, १२ रेघा. अक्षरच चित्र आहे: दोन हातांनी धरलं आणि मधून वेगळं केलं. भाकरीचा तुकडा मोडणं, शेतातलं मक्याचं कणीस मोडून घेणं, संत्र्याच्या फोडी सुट्या करणं. शीआन शहरात मटणाच्या रश्श्यात रोटी खाण्याची पद्धत आहे. तिथे जाड, घट्ट भाजलेली रोटी आणि रिकामा वाडगा गिऱ्हाइकापुढे ठेवतात. गिऱ्हाईक रोटी दोन्ही हातांनी मोडत मोडत सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे करतं, मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून परत येतो. तुकडे मोठे राहिले तर आत रस मुरत नाही. या कामाला ‘पाइ१ मो२’ म्हणतात. भाकरी कुस्करून रश्श्यात घालणाऱ्या माणसाला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

पायरी ३: कृतीला परिणाम जोडा

‘मी कप फोडला’ हे सांगण्यासाठी नवशिके ‘वो३ फो४ ल पेइ१त्स’ म्हणतात. ते चुकीचं आहे. वरची बहुतेक अक्षरं ‘काय झालं’ ते सांगतात, ‘काय केलं’ ते सांगत नाहीत. त्यामुळे आधी कृती आणि तिला चिकटून परिणाम अशी जोडी करायची, जशी आपण ‘कापून तोडली’, ‘आपटून फोडला’ अशी करतो.

च्येन३त्वान४: कातरीने कापून तोडणं.
याव३त्वान४: चावून तोडणं.
स्स१फो४: ओढून फाडणं.
ष्वाइ१स्वेइ४: पडून किंवा आपटून तुकडे होणं.
ता३स्वेइ४: धक्का लागून किंवा मारून फोडणं.
नुंग४ह्वाइ४: हाताळून बिघडवणं, नेमकं कसं ते सांगायचं नसेल तेव्हा.
ठ्ष्ष१ह्वाइ४: खाऊन बिघडवणं. ‘ठ्ष्ष१ह्वाइ४ तू४त्स’ म्हणजे काहीतरी खाण्यात येऊन पोट बिघडलं.

आता वाक्य. चिनीत कर्म साधारण क्रियापदानंतर येतं, पण पा३ हा शब्द लावला की ते क्रियापदाच्या आधी जातं, म्हणजे थेट मराठी क्रम. ‘वो३ पू४ श्याव३शिन१ पा३ पेइ१त्स ता३स्वेइ४ ल.’ मी – चुकून – (पा३) कप – फोडला. ‘पू४ श्याव३शिन१’ म्हणजे ‘चुकून’, तो गाळू नका. नाहीतर कप मुद्दाम फोडल्यासारखं वाजतं. ‘त्याच्या हातून कप फुटला’ म्हणायचं असेल तर ‘पेइ१त्स पेइ४ था१ ता३स्वेइ४ ल’.

कृती आणि परिणाम यांच्या मध्ये हलका ‘पु’ घातला की ‘होऊ शकत नाही’ हा अर्थ येतो. ‘ष्वाइ१पुस्वेइ४’ म्हणजे आपटलं तरी न फुटणारं. फो४ला एक सूट आहे: नियम, विक्रम, शांतता अशा अमूर्त गोष्टी तो थेट कर्म म्हणून घेतो. ‘फो४ ची४लू४’ किंवा ‘ता३फो४ ची४लू४’ म्हणजे विक्रम मोडणं.

पायरी ४: मराठी जिथे दगा देते

नारळ फोडणं आणि काच फोडणं आपल्याला एकच, चिनीला नाही. नारळ किंवा अक्रोड आतलं काढण्यासाठी फोडतो, म्हणून परिणाम ‘खाइ१’, म्हणजे उघडणं: त्सा२खाइ१, ठेचून उघडणं. भाकरी मोडून दोन भाग केली तर पाइ१खाइ१. स्वयंपाकात अंडं फोडायला नुसतं ‘ता३ ची१तान४’. फूल तोडायला ट्षाइ१.

वचन मोडणं याला चिनीत ‘शब्द खाणं’ म्हणतात, ष्ष२येन२. कायदा मोडणं फ़ान४फ़ा३. प्रेम तुटणं फ़न१षोउ३, शब्दशः हात वेगळे होणं. मैत्री तोडणं च्युए२च्याव१. परीक्षेचा पेपर फुटणं श्ये४थी२, म्हणजे प्रश्न गळणं. आपल्या ‘काडीमोड’मध्ये काडी मोडते, चिनी घटस्फोटात, ली२हुन१मध्ये, काहीच मोडत नाही, फक्त वेगळं होतं. यातल्या एकाही शब्दात वरची सात अक्षरं नाहीत.

काही ठिकाणी मात्र अनपेक्षित मेळ बसतो. शंभराची नोट ‘मोडून’ सुटे घ्यायला बोलण्यात फो४खाइ१ चालतं. पहाटे आपल्याकडे ‘तांबडं फुटतं’, चिनी लिखाणात फो४श्याव३ होतं. धनुर्वाताला चिनी शब्द आहे फो४षांग१फ़ंग१, म्हणजे फाटलेल्या जखमेतला वारा. आपल्या शब्दातही ‘वात’ आहेच. दिवाळं निघणं फो४ठ्षान३. कोणी आपल्यासाठी खर्च केला की संकोचाने म्हणतात, ‘रंग४ नी३ फो४फ़ेइ४ ल’, तुम्हाला उगाच खर्चात पाडलं. भावना अनावर होऊन बांध फुटला की तरुण मंडळी इंटरनेटवर लिहितात फो४फ़ांग२, म्हणजे बचाव मोडला. हा शब्द ऑनलाइन खेळांतून आला आणि २०२१ मध्ये चीनमधल्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत जाऊन बसला. परीक्षेच्या निबंधात तो नको.

पायरी ५: चार अक्षरी म्हणी, आणि त्यांच्या मराठी भावंडांशी गाठ

चिनी म्हणी बहुधा चार अक्षरांच्या असतात आणि जशाच्या तशा वापरायच्या असतात, मधलं अक्षर बदलायचं नाही.

फो४ फ़ू३ ठ्षन२ ट्षोउ१: पातेली फोडा, नावा बुडवा. इ.स.पू. २०७ मध्ये च्यु४लू४च्या लढाईत श्यांग४ यु३ या सेनापतीने नदी ओलांडल्यावर नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैन्याजवळ तीनच दिवसांची शिधासामग्री ठेवली. जिंकलं तरच जेवण. मराठीत याचं सख्खं भावंड आहे ‘परतीचे दोर कापणे’, सिंहगडाच्या कथेतून आलेलं. वापरही तोच: माघारीची वाट स्वतःच बंद करून कामाला भिडणं. नुसत्या ‘खूप मेहनत केली’ला ही म्हण लावू नका.

ई४ ताव१ ल्यांग३ त्वान४: एक सुरी, दोन तुकडे. दिसायला अगदी ‘एक घाव दोन तुकडे’, पण इथेच सावध राहायचं. आपण ते झटपट निकाल लावण्यासाठी म्हणतो. चिनी म्हण मुख्यतः संबंध कायमचे तोडण्यासाठी आहे. बैठकीत ‘एक घाव दोन तुकडे करू’ या अर्थाने ती वापरलीत तर समोरचा समजेल की तुम्ही व्यवहारच संपवताय. (‘एक’चा मूळ उच्चार ई१, पण पहिल्या स्वरापुढे तो ई४ होतो.)

ओउ३ त्वान४ स्स१ ल्येन२: कमळकाकडी तुटली, धागे जोडलेलेच. ताजी कमळकाकडी हातात घेऊन सावकाश मोडली की दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणले जातात. वेगळे झाले तरी मन गुंतलेलं, अशा जोडप्यासाठी ही म्हण. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ हे तिचं भाषांतर नव्हे. तिथे हट्ट आहे, इथे ओढ.

ता३फो४ षा१कुओ१ वन४ ताव४ ती३: मातीचं भांडं फुटलं की तडा थेट बुडापर्यंत जातो. तड्याला जुना शब्द आहे वन४, आणि ‘विचारणे’लाही वन४च. म्हणून अर्थ झाला खोदून खोदून, तळ गाठेपर्यंत विचारणं. हा श्लेष कळला की सात अक्षरं एका दमात पाठ होतात.

निंग४ वेइ२ यु४ स्वेइ४, पू४ वेइ२ वा३ छ्युएन२: कौल होऊन धड राहण्यापेक्षा जेड होऊन फुटलेलं बरं. हेच आपलं ‘मोडेन पण वाकणार नाही’.

ष्ष४ रू२ फो४ ट्षू२: बांबू चिरल्यासारखा जोर. तू४ यु४ या सेनापतीने वू राज्यावरच्या मोहिमेत हा दाखला दिला, ते राज्य इ.स. २८० मध्ये पडलं. पहिली काही पेरं चिरली की पुढचा बांबू पात्यापुढे आपोआप उकलत जातो. बुरुडाचं काम जवळून पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकामागून एक विजय मिळत असतील तरच वापरायची.

फो४ चिंग४ ठ्षुंग२ युएन२, फुटका आरसा पुन्हा गोल झाला, ही ताटातूट झालेल्या नवरा-बायकोसाठीच. भांडलेल्या मित्रांना लावली तर लोक हसतात. त्वान४ ट्षांग१ छ्यु३ ई४ म्हणजे मजकूर तोडून सोयीचा अर्थ काढणं. आणि फो४ क्वान४त्स फो४ ष्वाइ१, फुटकंच मडकं, आणखी आपट: ‘आता बिघडलंच आहे तर बिघडू दे’ म्हणून स्वतःला सोडून देणाऱ्याबद्दल.

पायरी ६: सरावाची रीत

दोरा, कागद, बिस्किट, जुना कप, बंद पडलेलं घड्याळ अशा पाच वस्तू समोर ठेवा. आधी नुसता परिणाम म्हणा (‘त्वान४ ल’, ‘फो४ ल’), मग कृती जोडा, मग पा३ लावून पूर्ण वाक्य, मग ‘पु’ घालून नकार. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. सातही अक्षरं एकाच दिवशी घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फो४, त्वान४, स्वेइ४ आणि ह्वाइ४ पुरेत. ल्ये४, ट्षऽ२ आणि पाइ१ नंतर. म्हणी त्याहूनही नंतर, आठवड्याला दोन.

आणि हे शब्द कधी टाळायचे

चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवसांत घरात फो४, ह्वाइ४ असे शब्द उच्चारायचे नाहीत, असा संकेत आहे. ताटली फुटलीच तर ‘स्वेइ४ ल’ म्हणून थांबायचं नाही; लगेच म्हणायचं ‘स्वेइ४स्वेइ४ फिंग२आन१’. ‘तुकडे’ स्वेइ४ आणि ‘वर्ष’ही स्वेइ४, उच्चार तंतोतंत एक, म्हणून ऐकणाऱ्याला ‘वर्षानुवर्षं सुखरूप’ असं ऐकू येतं. देवापुढे नारळ ‘वाढवणाऱ्या’ आणि बांगडी ‘वाढली’ म्हणणाऱ्या माणसाला यामागचा जीव लगेच कळेल. पाहुणे म्हणून गेला असाल आणि तुमच्याच हातून काही फुटलं तर ‘चुकलं’च्या आधी हे चार शब्द बोला, यजमानांचा चेहरा खुलतो. पाचव्या दिवसाला उत्तर चीनमध्ये फो४वू३ म्हणतात, ‘पाचवा फोडणे’. त्या दिवशी फटाके वाजवतात, मोदकासारखे भरलेले च्याव३त्स खातात, आणि आदल्या दिवसांची बंधनं सुटतात.